होम लोनमध्ये ८६ हजाराचा इन्शुरन्स न सांगता घुसवला, फाइल टाकायच्या आधी वाचा

मला लोन पाहिजे होतं १८ लाख. निघालं १८ लाख ८६ हजार. वरचे ८६ हजार ना माझ्या हातात आले ना घर विकणाऱ्याच्या, परस्पर एका इन्शुरन्स कंपनीला गेले आणि हप्ता मात्र सगळ्या रकमेवर चालू झाला.

जुळे सोलापुरात रिसेलचा वन बीएचके ठरवला होता. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात अकाउंट्स बघतो, पगार निम्मा बँकेत निम्मा हातात. सरकारी बँकेनं स्लिपवरचाच पगार धरला आणि एवढं लोन बसत नाही म्हणून सांगितलं. इसार देऊन बसलेलो, त्याची मुदत संपत आलेली, तेव्हा घर दाखवणाऱ्या एजंटनंच एक लोनवाला गाठून दिला. हाउसिंग फायनान्स कंपनीचं (बँक नसलेली, घरासाठी लोन देणारी कंपनी) काम करतो म्हणाला. बोलायला लई गोड, "टेन्शन घेऊ नका ओ साहेब, मी बसलोय की." लॉगिन फी आणि फाइल चार्ज म्हणून १२ हजार कॅश घेतले, पावती मागितली तर म्हणे मेन ऑफिसवरून मेलवर येतीय. अजून येतीयच आहे.

सह्या घेतल्या त्या रजिस्ट्रीच्या आदल्या संध्याकाळी, आणि हे मुद्दाम करतात असं माझं ठाम मत झालंय, कारण तेव्हा माणूस अडकलेला असतो, मागं फिरला तर इसार बुडतो. इंग्रजीतला हा एवढा गठ्ठा, तो पानं उलटणार, बोट ठेवणार, इथं सही, मॅडम तुम्ही इथं, को-अ‍ॅप्लिकंट. बायकोनं मधीच विचारलं हे कशाचं, तर "फॉर्मॅलिटी ओ ताई". इन्शुरन्स हा शब्द त्या दोन तासात एकदा पण निघाला नाही.

कळलं कसं, तर मोबाइलवर मेसेज आला, अभिनंदन तुमची पॉलिसी चालू झाली. मला वाटलं फ्रॉड मेसेज असेल. मग पहिला हप्ता कापला गेला १७,५८०, सांगितला होता १६,७७८. साडेनऊ टक्के, २० वर्षं, मी स्वतः हिशेब मांडून बघितला, तो फरक बरोबर ८६ हजाराचा. म्हणजे महिन्याला आठशे रुपये, २० वर्षांत त्या ८६ हजाराचे १ लाख ९२ हजार भरायचे, आणि ते पण न मागितलेल्या पॉलिसीचे.

ब्रांचला गेलो तर मॅनेजर म्हणतो कंपल्सरी आहे, तुमच्या फॅमिलीच्या भल्यासाठीच आहे. धादांत खोटं. लोनवर लाइफ इन्शुरन्स घ्यायची सक्ती कुठल्या कायद्यात नाही. घ्यावा का, तर मी म्हणेन टर्म इन्शुरन्स जरूर घ्यावा, पण स्वतः चौकशी करून वेगळा, लोनमध्ये गुंडाळून व्याजासकट नाही.

आमच्या गल्लीत बँकेतून रिटायर झालेले एक काका आहेत, त्यांनी पहिला प्रश्न विचारला, केएफएस कुठंय? मला तर हे नावच माहीत नव्हतं. की फॅक्ट स्टेटमेंट. १ ऑक्टोबर २०२४ पासून नवीन होम लोनला हा कागद रिझर्व्ह बँकेनं सक्तीचा केलाय, बँक असो की फायनान्स कंपनी. कर्जदाराला कळेल त्या भाषेत द्यायचा, म्हणजे मराठीत मागता येतो, आणि विचार करायला कमीत कमी तीन वर्किंग दिवस द्यायचे. त्यात व्याज, फी, इन्शुरन्स, लीगलचा खर्च सगळं धरून वर्षाला खरे किती टक्के पडतात तो आकडा असतो, एपीआर म्हणतात. आणि त्यात नसलेला चार्ज तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. आमचा केएफएस त्या गठ्ठ्यात निघाला, इंग्रजीत, आणि त्यात इन्शुरन्सची ओळच नाही!

काकांनी दुसरी गोष्ट सांगितली ती फ्री लुकची. पॉलिसीचा कागद मिळाल्यापासून ३० दिवसांत कारण न देता पॉलिसी रद्द करता येते. त्याच रात्री इन्शुरन्स कंपनीला मेल टाकला, कॉपी फायनान्स कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला, सोबत केएफएसचा फोटो. मग त्याच मॅनेजरचा स्वतःहून फोन, साहेब मिटवून टाकू. थोडी कपात होऊन पैसे लोन खात्यात जमा झाले. कॅश दिलेले १२ हजार मात्र गेले, लोनवाला म्हणतो कसले पैसे, कुठं लिहिलंय.

आणि व्याजाचं वेगळंच. फ्लोटिंग आहे, म्हणजे बदलता दर, रेपो (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दरानं पैसे देते तो) कमी झाला की आपोआप कमी होणार, असं तो लोनवाला छातीठोक सांगायचा. २०२५ मध्ये फेब्रुवारी ते जून रेपो ६.५० वरून ५.५० वर आला, बँकेचं लोन असलेल्या शेजाऱ्याचा रेट खाली आला, आमचा जागचा हलला नाही. कारण बँकांना २०१९ पासून नवीन फ्लोटिंग होम लोन रेपोसारख्या बाहेरच्या दराशी जोडावं लागतं, हाउसिंग फायनान्स कंपनीला ती सक्ती नाही, ती स्वतःच्या रेटवर चालते. फाइल टाकताना हे सांगतंय कोण.

म्हणून आता लोन बँकेत ट्रान्सफर करतोय, पगार पूर्ण खात्यावर घ्यायला लागलोय त्यामुळं आता बसतं. कंपनीवाले म्हणाले दोन टक्के फोरक्लोजर लागेल, म्हणजे लोन मुदतीआधी बंद करायचा चार्ज. फ्लोटिंग होम लोन स्वतःच्या नावावर असेल तर हा चार्ज घेताच येत नाही, मी म्हटलं हेच मेलवर लिहून द्या, त्यानंतर तो विषय परत निघाला नाही. पूर्ण पैसे फिटले की मूळ कागदपत्रं ३० दिवसांत परत द्यायची, त्यांच्यामुळं उशीर झाला तर दिवसाला ५ हजार रुपये भरपाई, हे पण ध्यानात ठेवा, आमच्या खरेदीखतासाठी मी तारीख लिहूनच ठेवणार आहे.

कुणी आत्ता अडकलं असेल तर तोंडी भांडत बसू नका, लेखी तक्रार द्या, पोच घ्या. बँकेनं ३० दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं, फोन १४४४८, फी नाही. हाउसिंग फायनान्स कंपनीची तक्रार मात्र नॅशनल हाउसिंग बँकेच्या पोर्टलवर करायची, तिचं नाव ग्रिड्स. आणि फाइलसाठी कॅश मागितली तर देऊ नका, प्रोसेसिंग फी कंपनीच्या खात्यावर भरा, पावती तिथल्या तिथं घ्या.