‘चार वर्षं थांबा’ सांगून विकलेल्या बिया

कोल्हापुरात बागेची आवड असणाऱ्यांनी हे जरूर वाचा, कारण हा माणूस अजून बिया विकतोय.

गेल्या मे महिन्यात राजारामपुरीत रस्त्याकडेला टेबल मांडून एकजण परदेशी फुलझाडांच्या बिया विकत होता. पिवळ्या बर्ड ऑफ पॅरेडाइजचं पाकीट, दहा बिया, सहाशे रुपये. भाव ऐकून मी मागं सरले, तसा म्हणाला, "वैनी, ह्याला फूल यायला चार वर्षं लागत्यात. खोटं सांगून विकत न्हाई मी."

त्या वाक्यावर माझा विश्वास बसला, कारण ते खरं आहे. बियांपासून केलेलं हे झाड फुलायला तीन ते पाच वर्षं, कधी त्याहून जास्त घेतं. याच खऱ्या वाक्यावर त्याचा सगळा धंदा चालतो. चार वर्षं कुणी तक्रार करत नाही आणि तोवर फोन नंबर बदललेला असतो.

बिया काळ्या, गोल, वाटाण्याएवढ्या, टणक. पॉलिश पेपरवर घासून, रात्रभर कोमट पाण्यात भिजवून जूनमध्ये लावल्या. पंधरवड्याच्या आत सुरळी केलेली पानं वर आली. बर्ड ऑफ पॅरेडाइजची बी नुसती रुजायलाच एक ते तीन महिने खाते, म्हणून मी लगेच फोन केला. उत्तर आलं, "कोल्हापूरची माती लई ताकदीची, वैनी!"

श्रावणापर्यंत पानं हातभर झाली. पातळ, मऊ, वाऱ्यानं चिरणारी. खऱ्या झाडाचं पान चामड्यासारखं जाड असतं, देठ कडक असतो आणि पानं पंख्यासारखी दोन बाजूंना लागतात. इथं मधोमध सरळ दांडा चढत होता. नवरात्रात त्याला लाल तुरा आला. कर्दळ! ओढ्याकाठी कुणालाही फुकट मिळते ती.

परत फोन केला तर म्हणाला, "पाकिटं बदलली असतील, दुसरं पाठवतो, कुरिअरचे दोनशे टाका." मी नकार दिला आणि त्यानं मला ब्लॉक केलं. शेजारच्या काकांनी दोनशे टाकले, पाकीट आलं नाही. काकांचं जास्त वाईट वाटतं. त्यांना त्यानं क्लिव्हियाच्या खडखडीत वाळलेल्या बिया दिल्या होत्या. क्लिव्हियाची बी गरदार असते, फळातून काढून ताजीच लावावी लागते, वाळली की मेली. "हळू उगवतंय" असं सांगून ठेवल्यामुळं काका दिवाळीपर्यंत त्या रिकाम्या कुंडीला पाणी घालत होते.

पिवळ्या रंगाचंही नीट समजून घ्या. नेहमीचं फूल केशरी असतं. दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाउनच्या कर्स्टनबॉश उद्यानात हातानं परागीकरण करून पिवळी जात वाढवायला सुमारे वीस वर्षं लागली, आणि १९९६ मध्ये तिला ‘मंडेलाज गोल्ड’ हे नाव मिळालं. पिवळ्याचा पिवळ्याशीच संकर केला तर रंगाची खात्री देता येते. तो कुणी, कुठं केला हे विक्रेत्याला सांगता आलं पाहिजे.

बी ओळखायची खूण आहे. ताज्या बीच्या एका टोकाला लोकरीसारखा भडक केशरी झुपका असतो. लावण्याआधी तो काढतात, त्यामुळं झुपका नाही एवढ्यावरून बी खोटी ठरत नाही. पण झुपक्यासकट एक तरी बी दाखवा म्हणा. त्याहून चांगलं म्हणजे नर्सरीत फुललेल्या झाडाचा फुटवा मुळांसकट घ्या. तो साधारण एक-दोन वर्षांत फुलतो.

पाकिटावर ना नाव होतं, ना पत्ता, ना तारीख. पावती मागा आणि तिच्यावर झाडाचं शास्त्रीय नाव लिहून घ्या. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे ग्राहक आयोगाकडं तक्रारीची मुदत दोन वर्षं आहे, फुलाची वाट बघायला सांगतात चार! म्हणून पहिल्या पानावरच तपासा, शंका आली की १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. पैसे ऑनलाइन भरून फसला असाल तर १९३० लावा.

आता त्याच टेबलाचा फोटो दुसऱ्या नंबरवरून व्हॉट्सॲपवर फिरतोय, या वेळी निळ्या गुलाबाच्या बियांसाठी. गुलाबात निळा रंग देणारं द्रव्य मुळातच नसतं. पाकीट, यूपीआयची नोंद आणि कर्दळीचे फोटो जोडून मी तक्रार केली आहे. त्याच्याकडून बिया घेतलेल्यांनी रक्कम लहान म्हणून सोडून देऊ नका, आपापली तक्रार नोंदवा.