दहा दिवसांत उजळलेला गाल

मी इंदूरची, रामबागेत वाढलेली. वय ५८. बावीस वर्षं इंदूरच्या दक्षिणेकडच्या महूच्या शाळेत शिकवलं आणि रोज बसने जा-ये केली. डावीकडची खिडकी ही माझी ठरलेली जागा. उन्हाळ्यात लू लागू नये म्हणून काच बंद आणि डोक्यावर पदर, त्यामुळे ऊन आपल्यापर्यंत येतच नाही अशी माझी समजूत होती. चाळिशीत डाव्या गालावर वांगाचे डाग आले. पाळी गेल्यावर चार-पाच वर्षांत चेहरा भराभर सैल पडला. डोळ्यांच्या कडेला, ओठांच्या वर सुरकुत्या आल्या. मनाला लागायचं, पण वय आहे म्हणून सोडून दिलं होतं.

त्या वर्षी वैशाखात मुलाचं लग्न ठरलं होतं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या मंडळात दोन मुली एक मशीन घेऊन आल्या. मराठी बोलणाऱ्या, गोड. "काकू, या ना, नुसतं बघायचं आहे, पैसे नाहीत." मशीनमध्ये चेहरा ठेवला, निळसर उजेड पडला आणि पडद्यावर माझा चेहरा काळ्या ठिपक्यांनी भरलेला दिसला. खाली आकडा आला, त्वचेचं वय ७१. मागे सात-आठ बायका उभ्या होत्या. त्या क्षणी मला इतकी लाज वाटली की दुसऱ्याच दिवशी मी त्यांच्या ऑफिसात गेले.

तो आकडा म्हणजे जाळं होतं. पुढे त्वचारोगतज्ज्ञांनी सांगितलं की तशा उजेडात साध्या डोळ्यांना न दिसणारे डागही दिसतात, आणि ते पंचविशीतल्या मुलीच्या चेहऱ्यावरही निघू शकतात. पण तेव्हा मला हे कोण सांगणार होतं?

तीन महिन्यांचं पॅकेज १८,५०० रुपयांचं होतं. पैसे मोबाइलवरून, कंपनीच्या नव्हे तर एका माणसाच्या नावावर घेतले. पावतीवर फक्त 'सौंदर्य सेवा' लिहिलं. हातात आली ती एक पांढरी डबी. तिच्यावर घटक नाहीत, परवाना क्रमांक नाही, तारीख नाही. विचारलं तर म्हणाल्या, "केशर-मंजिष्ठाचं आहे काकू, ताजं बनवतो, म्हणून लेबल नसतं." वैद्याच्या घरी पुड्या मिळतात तसंच हे, असं मला वाटलं आणि मी मान्य केलं.

दहाव्या दिवशी डाग फिके पडले. गाल गुळगुळीत, गोरा दिसायला लागला. शेजारणी विचारू लागल्या. मी हौसेने माझ्या वहिनींनाही तिथे घेऊन गेले. त्यांचे पैसे मीच भरायला लावले, हे आजही मला टोचतं.

मार्चअखेर डबी संपली. नवा माल यायचा आहे म्हणाल्या. आठवडाभर क्रीम नव्हतं, तेवढ्यात चेहरा भाजल्यासारखा लाल झाला, पुटकुळ्या आल्या, पाणी लावलं तरी आग व्हायची. फोन केला तर उत्तर आलं, "आतली घाण बाहेर पडतेय, मध्येच सोडू नका." दुसरी डबी ६,००० रुपयांना घेतली. दोन दिवसांत आग शांत झाली. मला वाटलं, बघा, औषध किती चांगलं! ज्याने आग लावली तेच ती विझवत होतं, हे मला दिसलं नाही. लग्न त्याच चेहऱ्यावर पार पडलं. जूनमध्ये ती डबी संपली आणि मग जे झालं ते आरशात बघवत नव्हतं. सूज, फोड, गालांवर बारीक लाल शिरांचं जाळं, हनुवटीवर लव.

त्वचारोगतज्ज्ञांनी चेहरा बघूनच विचारलं, "नाव नसलेली डबी कुणी दिली?" त्यांच्या मते ही तीव्र स्टिरॉईडची लक्षणं होती. स्टिरॉईड डाग फिके करतं, कातडी पातळ करतं आणि सोडलं की उलटून येतं. एकदम बंद केल्यानेच मला इतका त्रास झाला होता. असं क्रीम डॉक्टरच हळूहळू सोडवतात. २०१८ पासून अशी बरीच मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई आहे. काही गोरेपणाच्या क्रीममध्ये पारा असतो आणि तो मूत्रपिंडाला मारक ठरू शकतो, म्हणून त्यांनी माझी लघवीही तपासायला सांगितली. ती ठीक निघाली.

मग त्यांनी मला बाही वर सरकवून दंडाची आतली बाजू बघायला सांगितली. मऊ, एकसारखी, एकही डाग नाही. "हीसुद्धा ५८ वर्षांचीच आहे," ते म्हणाले. "वयाने कातडी पातळ आणि कोरडी होते. पाळी गेल्यावर पहिल्या काही वर्षांत कातडी घट्ट ठेवणारं कोलॅजनही झपाट्याने कमी होतं. पण हे डाग, ही जाडसर सुरकुती बहुतेक उन्हाची." मी काचेचं सांगितलं. त्यांनी मोबाइलवर एक फोटो दाखवला. २०१२ साली एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात आलेला, २८ वर्षं ट्रक चालवलेल्या माणसाचा. खिडकीकडची डावी बाजू लोंबलेली, घळी पडलेली, उजवी बरीच बरी. भाजणारे किरण काच अडवते, पण खोलवर जाऊन कोलॅजन तोडणारे यूव्हीए किरण साध्या काचेतून बरेचसे आत येतात. सकाळी महूकडे जाताना सूर्य डावीकडे, दुपारी परतताना पुन्हा डावीकडेच. माझा डावा गाल का खराब झाला ते मला बावीस वर्षांनी तिथे बसून कळलं.

त्यांनी दिलेला उपाय साधा आहे. एसपीएफ ३० किंवा जास्त, आणि डबीवर यूव्हीएसाठीचं पीए लिहिलेलं सनस्क्रीन. चेहरा आणि मानेला मिळून दोन बोटं भरून, बाहेर असू तर दर दोन-तीन तासांनी पुन्हा. वांगासाठी रंगीत सनस्क्रीन, कारण डोळ्यांना दिसणारा उजेडही ते डाग गडद करतो. रात्री लावायचं औषध चेहरा बरा झाल्यावर, आणि त्याचा फरक दिसायला तीन ते सहा महिने. सहा महिने म्हणाले तेव्हा मला पहिल्यांदा विश्वास वाटला.

ऑफिसला आता कुलूप आहे, मोबाइल बंद. मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. रिकामी डबी, पैसे भरल्याचे मेसेज, फोटो जपून ठेवलेत. ग्राहक आयोगाकडे जायला दोन वर्षांची मुदत असते. पावतीवर 'क्रीम' हा शब्द नाही, हे मात्र माझ्या विरुद्ध जाणार. तुमच्याकडे अशी डबी असेल तर ती फेकू नका. थोडंसं क्रीम तळाशी राहू द्या, तपासणीला लागतं. आणि लावत असाल तर एकदम थांबवण्याआधी डॉक्टरांना दाखवा.

वहिनींची डबी निम्मी शिल्लक होती. त्यांना सांगायला मला चार दिवस लागले. परवा त्यांना मी स्वतः दवाखान्यात घेऊन गेले.