हुंगायची चटई घ्यावी का? वापरून सांगते

स्नफल मॅट म्हणजे भोकांच्या रबरी जाळीत फ्लीसच्या (मऊ, लवदार कापडाच्या) पट्ट्या दाटीवाटीने गाठी मारून बसवलेली चटई. पट्ट्यांत कोरडं खाणं पेरायचं, कुत्र्याने ते नाकाने हुडकून काढायचं. खोक्यावर ‘तासन्‌तास गुंतवून ठेवते’ असं छापलंय, ती शुद्ध थाप. आमचा बंड्या दहा-बारा मिनिटांत मैदान साफ करतो. तरी मी घ्या म्हणेन.

घरात पाहुण्यांची वर्दळ वाढली की बंड्या जांभया देतो, सारखी नाकावरून जीभ फिरवतो, मान वळवून डोळ्यांचा पांढरा भाग दिसेल असं तिरकं बघतो. लोक म्हणतात, झोप आली वाटतं त्याला. झोप कसली, गडी ताणात असतो! अशा वेळी आतल्या खोलीत चटई टाकली की आधी अधाशासारखं नाक खुपसतो, मग फुसफुस एका लयीत सुरू होते आणि ताठ शेपटी सैल पडते. शेवटी अंग झाडून जो आडवा होतो, तसा लांब फेरफटक्यानंतरही होत नाही. 2019 सालच्या एका अभ्यासात 2 आठवडे नाकाने शोधाशोध केलेली कुत्री ‘यात खाणं असेल की नसेल’ अशा वाटीकडे आधीपेक्षा झटकन गेली, म्हणजे त्यांचा मूड जास्त आशावादी झाला होता. मालकाच्या पायाशी शिस्तीत चालायचा सराव केलेल्यांत तसा फरक दिसला नाही. मला नवल वाटलं नाही.

माल मात्र यथातथाच. गुळगुळीत फरशीवर चटई घसरते. धुतली की वाळता वाळत नाही आणि तळाशी खाण्याचा भुगा राहिला तर कुबट वास मारते, म्हणून ओलसर खाऊ यात नकोच. गाठीही सुटतात. फ्लीसची पट्टी पोटात गेली तर आतड्यात अडकू शकते, त्यामुळे चावऱ्या कुत्र्याला हिच्यासोबत एकटं सोडू नका. बंड्याने तर कोपरा तोंडात धरून सगळी चटई झटकायची युक्ती शोधलीय. मी चटईवर पाय देऊन उभी राहते.

घरात दोन कुत्री असतील तर दोन खोल्या, दोन चटया. खाता खाता अंग ताठरलं, खाण्याचा वेग वाढला, की कुत्रा आपल्या खाण्याची राखण करतोय समजा आणि चटई ओढायला जाऊ नका. यातलं खाणं रोजच्या वाट्यातूनच काढा, नाहीतर वजन वाढेल.

5 पैकी साडेतीन तारे. अर्धा तारा खोक्यावरच्या थापेसाठी कापलाय, बाकीचा गाठींसाठी. विकत घेण्याआधी जुन्या टॉवेलच्या गुंडाळीत खाणं लपवून बघा. त्यात रमला तर पैसे घाला.