गुडघ्यांचं चूर्ण आणि 27,500 रुपये

27,500 रुपये. आकडा आधीच सांगून टाकते, कारण सगळे पहिल्यांदा तोच विचारतात आणि मग म्हणतात, "एवढे दिलेसच कसे?" त्यात मी पतसंस्थेत हिशेब बघते हे ज्यांना माहीत आहे, ते गालातल्या गालात हसतात ते वेगळंच. हसा. पण हॉस्पिटलच्या गेटबाहेर तुमच्या आईवडिलांची चाल बघून कुणी आपुलकीने बोलायला लागलं, तर मला हसलेलं आठवा आणि तिथून चालू पडा.

पद्धत जुनीच आहे, तुम्हीही ऐकली असेल. आईचे दोन्ही गुडघे दुखतात. एक्स-रे झाला, झीज झाली आहे, व्यायाम करा, वजन थोडं उतरवा, एवढं ऐकून आम्ही बाहेर रिक्षाची वाट बघत होतो. हातात हेल्मेट, इस्त्रीचा शर्ट, असा एक गृहस्थ थांबला. "काकू, ऑपरेशन सांगितलं का? घाई करू नका. माझी आई वर्षभर जिना चढली नव्हती, आता रोज देवळात जाते." पैशाचं नाव नाही, स्वतःचं कार्ड नाही, फोन नंबर नाही. आईनेच त्याला खोदून खोदून विचारलं. मग त्याने खिशातल्या कागदावर लिहून दिलं: अश्वगंधा, शल्लकी, निर्गुंडी, सुंठ आणि शेवटी एक भस्म. "तीन-चारशेत होऊन जाईल, ताई. कुठेही मिळेल, फक्त भेसळ नसलेलं घ्या." आणि असं भेसळ नसलेलं दुकान योगायोगाने दोन गल्ल्या सोडून होतं!

आता ती जागा, जिच्यापायी मला अजून झोप लागत नाही. दुकानात शिरले, चिठ्ठी काउंटरवर ठेवली. घडी घातलेलीच ठेवली होती. काउंटरवरच्या माणसाने ती उलगडायच्या आधीच मागे वळून बरणी काढली. अश्वगंधेची. मग दुसरी, शल्लकीची. चिठ्ठी त्याने नंतर उघडली, तीही जरा कौतुकाने, पहिल्यांदाच बघतोय अशी. मी हे डोळ्यांनी पाहिलं आणि मनात काय आलं? किती अनुभवी माणूस आहे, गुडघा म्हटल्यावर काय लागतं ते याला पाठच आहे. गुडघा कुणी म्हटलाच नव्हता. आई बाहेर पायरीवर टेकली होती, माझ्या तोंडून शब्द निघाला नव्हता. हेल्मेटवाल्याचा फोन आमच्या आधी पोचला होता, बस.

आई आत आल्यावर भस्माचा भाव विचारला. "एकशे ऐंशी." मी ऐकलं, आईनेही ऐकलं, आणि दोघींनी तो त्या पुडीचा भाव समजलो. बाकीच्या जिनसा मिळून 740 झाल्या होत्या, त्यावर 180, म्हणजे हजाराच्या आत. कुठल्याही माणसाने असाच हिशेब केला असता. काट्यावर 160 ग्रॅम भरलं, पोऱ्याने ते लगेच बाकीच्या चुरात ओतलं आणि मिक्सर फिरवला. बिल त्यानंतर. 180 गुणिले 160, म्हणजे 28,800. वर 740. एकूण 29,540. भाव ग्रॅमचा होता आणि ती पाटी बरण्यांच्या मागे, खडूने लिहिलेली, तीसुद्धा बोट दाखवल्यावर दिसली.

"ताई, आता कुटून मिसळून झालं, परत कसं घेऊ?" हे तो इतक्या शांतपणे म्हणाला की उलट मलाच ओशाळल्यासारखं झालं. तोवर दाराशी दोघं येऊन उभे. धमकी कुणी दिली नाही, हात कुणी लावला नाही, नुसते उभे. आई म्हणायला लागली, देऊन टाक, तमाशा नको. शेवटी "तुमच्यासाठी म्हणून" 27,500 वर आला. पर्समधले 4,500 रोख, 15,000 यूपीआयने, आणि एटीएमपर्यंत पोऱ्या सोबत चालत आला तेव्हा काढलेले 8,000. एटीएमपाशी आरडाओरडा का नाही केला, असं माझ्या भावाने विचारलं. त्याची आई दुकानात बसली होती, माझीपण तीच. हे त्याच्या लक्षातच येत नाही.

यूपीआयवर पिन टाकायच्या आधी समोर नाव येतं. दुकानाचं आलं नाही, कुणा माणसाचं आलं. तिथे बोट थांबवा. पैसे गेल्यावर नुसता स्क्रीनशॉट काढून ते परत येत नाहीत.

घरी येऊन सुचलेली गोष्ट आधी सुचली असती तर! त्याने ते भस्म "सुवर्णयुक्त" म्हणून विकलं. सोन्याच्या एका ग्रॅमला हजारो रुपये पडतात. 180 रुपयांत जे मिळेल त्यात सोनं नावालाही नसणार, हे सराफाकडे एकदाही गेलेल्या कुठल्याही बाईला कळतं. मलाही कळतं. त्या काउंटरवर नाही कळलं.

आणि चूर्णाने गुण आला, ही त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट. आईचं दुखणं दोनच दिवसांत पळालं. ती त्या गृहस्थाला दुवा द्यायला लागली, मीही गप्प बसले, म्हटलं महाग पडलं पण लागू पडलं. मग तिचा चेहरा सुजल्यासारखा गोल दिसू लागला, भूक वाढली, आणि आटोक्यात असलेली साखर एकदम चढली. डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला, "काही चूर्ण-बिर्ण चालू आहे का?" त्यांना स्टिरॉइडचा संशय आहे. सुट्या पुड्यांमध्ये डेक्सामेथासोन (हे स्टिरॉइड) किंवा डायक्लोफेनॅकसारख्या (हे वेदनाशामक) गोळ्या कुटून घालतात, हा प्रकार त्यांना नवा नव्हता. झिजलेली कूर्चा, म्हणजे सांध्यातली गादी, दोन दिवसांत भरून येत नाही. दोन दिवसांत गुण येतो तो स्टिरॉइडचा नाहीतर वेदनाशामकाचा. ज्यांच्या घरात असं चूर्ण महिनोन् महिने चालू असेल त्यांनी घाबरून एका रात्रीत बंद करू नका, आधी डॉक्टरांना पुडी दाखवा. स्टिरॉइड खूप दिवस पोटात गेलं की शरीर स्वतःचं बनवायचं कमी करतं आणि अचानक तोडल्यावर माणूस कोसळू शकतो.

आयुर्वेदाला नावं ठेवायला हे लिहीत नाही. आमच्या घरात आजही सुंठ उगाळली जाते. पण नोंदणी असलेला वैद्य आपला नोंदणी क्रमांक लपवत नाही, आणि कायदेशीर औषधाच्या डबीवर परवाना क्रमांक, बॅच, तारीख, घटक सगळं छापलेलं असतं. पुडीवर काय छापणार?

आता खात्यांची गोष्ट, आणि इथे माझी जीभ आवरत नाही. पोलीस चौकीत ठाणे अंमलदार म्हणाले, "मॅडम, पैसे तुम्ही स्वतःच दिलेत. माल घेतलात. मग फसवणूक कुठली?" अहो, फसवणुकीत माणूस स्वतःच पैसे देतो, म्हणून तर तिला चोरी म्हणत नाहीत! 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं कलम 318 आहे, पूर्वीचं चारशेवीस. ते मला वाचून सांगावं लागलं, त्यांना. मग हद्दीचा प्रश्न: दुकान आमच्याकडे येत नाही. झीरो एफआयआर कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो म्हटल्यावर साहेब बंदोबस्ताला गेलेत, असं उत्तर मिळालं. शेवटी एका साध्या कागदावर अर्ज घेतला आणि पोच मागितली तर तोंड असं केलं की जणू किडनी मागितली. तुम्ही पोच घेतल्याशिवाय उठू नका. गुन्हा नोंदवत नसतील तर सगळं लिहून पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवा, कायद्यात तशी सोय आहे. मी रजिस्टर पोस्टाने पाठवलंय.

औषधांच्या कार्यालयात पुडी घेऊन गेले. लेबल नाही, बॅच नाही, तर नमुना कसा घेणार, म्हणाले. लेबल नाही हीच तर माझी तक्रार! ते म्हणाले, दुकानात जाऊन आम्हालाच नमुना घ्यावा लागतो. मग जा ना. संबंधित अधिकारी दौऱ्यावर होते. ते दौऱ्यावरून परत आले तोवर दुकानाचं शटर खाली आणि त्यावर "भाड्याने देणे आहे". बँकेने सांगितलं, व्यवहार तुम्ही पिन टाकून मंजूर केलात. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवरच्या मुलीने निदान नीट ऐकून घेतलं, तक्रार क्रमांक दिला. यूपीआयने पैसे गेले असतील तर तिथे तासाभरात फोन लावा. मी आधी नातेवाइकांना लावत बसले.

संधिवात, मधुमेह, रक्तदाब बरा करतो अशी जाहिरात करणं 1954 च्या चमत्कारी उपायांविरुद्धच्या कायद्याने गुन्हा आहे, पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद. जाहिरात म्हणून हेल्मेटवाला माणूस गेटवर उभा केला तर? त्याचं उत्तर कुणाकडे नव्हतं.

ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. पण समोरच्याचं नाव-पत्ता लागतो, आणि माझ्याकडे आहे एक चिटोरं, ज्यावर नुसतं "29,540 − सूट" लिहिलंय. छापील पावती हातात येईपर्यंत मिक्सर चालू करू देऊ नका. खरं तर मिक्सर दिसला की बाहेर पडा.

आई आता फिजिओथेरपिस्टने शिकवलेले व्यायाम करते, पलंगावर पडून पाय सरळ वर उचलायचा वगैरे. हळूहळू फरक पडतोय, फुकटात.

आणि एक. परवा एकाचा फोन आला. "आयुर्वेदिक दुकानात फसलात ना? तुमची रक्कम मंजूर झालीय, फाइल पुढे सरकवायला फक्त 1,500 भरा." आमचा नंबर त्या दुकानात लिहून घेतला होता, "डोस बदलायचा असेल तर कळवू" म्हणून. तुम्हालाही असा फोन येईल, तेव्हा ठेवून द्या. मी ठेवायच्या आधी त्याला पाच मिनिटं मनसोक्त शिव्या घातल्या, आणि तो नंबर अर्जाला जोडून पुन्हा चौकीत दिला. पोच मागून घेतली.