हेपॅटायटिस-बीची लस: ०-१-६ की ०-१-२-१२?

रक्ताच्या नमुन्यांशी रोजचा संबंध असलेल्याने हेपॅटायटिस-बीची लस घ्यावी, याविषयी वाद नाही. अडते ते वेळापत्रकापाशी. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करताना मी शून्य, एक आणि सहा महिन्यांचे नेहमीचे वेळापत्रक निवडले, तर माझ्या सहकाऱ्याने शून्य, एक, दोन महिने आणि वर्षभराने चौथा डोस असे घाईचे.

घाईच्या वेळापत्रकाची बाजू लंगडी नाही. सुयांशी काम असताना दुसऱ्या आणि तिसऱ्या डोसमधले पाच महिने लांबच वाटतात, आणि तीन डोस दोन महिन्यांत झाले की संरक्षणासाठी पुरेशी मानली जाणारी १० एककांची (mIU/mL) प्रतिपिंड म्हणजे अँटिबॉडी पातळी पुष्कळांना लवकर गाठता येते. मात्र लसिका ग्रंथींमध्ये (लिम्फ नोड) विषाणूला अधिक घट्ट चिकटणारी प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशींची निवड कित्येक आठवडे चालू असते, आणि ती होऊ दिल्यावर दिलेला डोस पातळी जास्त उंच नेतो. कोवळ्या उसाचा उतारा कमी पडावा तसे काहीसे दोन महिन्यांतल्या तिसऱ्या डोसचे होते. चौथा डोस लागतो तो त्यामुळेच.

माझा निर्णय झाला तो याच चौथ्या डोसपायी. आमच्या लसीकरणाच्या नोंदवहीत रकाने तीनच आहेत. तिसऱ्यात तारीख पडली की शेरा ‘पूर्ण’ असा बसतो, आणि वर्षाने चौथ्या डोससाठी गेलेल्याला काउंटरवर ‘तुमचे झाले आहे की’ असे ऐकून घ्यावे लागते. सहकाऱ्याने समजावून सांगून तो घेतला. पण डीएमएलटी (लॅब तंत्रज्ञाची पदविका) करून नव्याने लागलेली मुले वर्षभरात दुसरीकडे जातात, आणि त्यांच्यातले कितीजण तो घेत असतील याची मला शंकाच आहे.

तिसऱ्या डोसनंतर दीड महिन्याने तपासले तेव्हा माझी पातळी शंभराच्या बरीच वर होती. सहकाऱ्याची त्याच्या तिसऱ्या डोसनंतर दहाच्या वर, पण माझ्याहून पुष्कळ कमी. दोघांवरून नियम काढू नये हे मान्य, कारण वय, वजन आणि धूम्रपानानेही फरक पडतो. तरी माझा कल त्यानंतर पक्का झाला.

सहाव्या महिन्याचा डोस चुकला तर, ही भीती अनाठायी आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्गच बंद होता; अशा वेळी डोस काही आठवडे लांबला तरी मालिका पहिल्यापासून सुरू करावी लागत नाही, राहिलेला डोस घेतला की झाले. अंतर कमी करणे मात्र टाळावे: तीन डोसांच्या या वेळापत्रकात प्रौढांना दुसऱ्या-तिसऱ्या डोसमध्ये किमान आठ, पहिल्या-तिसऱ्यामध्ये किमान सोळा आठवडे हवेत.

पुढे बूस्टरचे काय, असेही विचारले जाते. पातळी वर्षांगणिक उतरते, परंतु एकदा दहाच्या वर गेलेल्या निरोगी माणसाची विषाणूची ओळख जपणाऱ्या स्मृतिपेशींची फळी टिकून राहते, आणि या विषाणूचा अधिशयन काळ (संसर्गापासून लक्षणे दिसेपर्यंतचा) काही आठवड्यांपासून महिन्यांपर्यंत असल्याने तिला जागे व्हायला सवड मिळते. म्हणून अशांना नेमाने बूस्टर सुचवला जात नाही. डायलिसिसवरील रुग्णांचे वेगळे: त्यांची पातळी दरवर्षी तपासतात आणि दहाखाली गेल्यास बूस्टर देतात.

आपली नेमणूक पुढच्याच महिन्यात डायलिसिस विभागात होणार असेल, तर डॉक्टरांना विचारून घाईचे वेळापत्रक घेणे कदाचित रास्त ठरेल; तेव्हा नोंदवहीत चौथा रकाना पहिल्याच दिवशी आखून घ्यावा.