ओटीपी सांगितला नाही, तरी खातं रिकामं: ‘चलान’च्या फाइलपासून जपा

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर शेजारच्या काकांच्या नंबरवरून ‘आरटीओ चलान’ नावाची फाइल येते. पुण्यात चौकाचौकात कॅमेरे, सिग्नल कधीतरी चुकलेला असतोच, शिवाय नंबर ओळखीचा. माणूस फाइल उघडतो. काकांनी मात्र ती पाठवलेलीच नसते. त्यांचा फोन आधीच चोरांच्या ताब्यात गेलेला असतो.

फाइलच्या नावाचा शेवट बघा. पावती पीडीएफ असते किंवा फोटो. शेवटी ‘एपीके’ असेल तर ती पावती नाही, ते ॲप आहे. अँड्रॉइड फोन तिथे स्वतःच अडवतो: बाहेरून आलेलं ॲप टाकू द्यायचं का? घाईत ‘अलाऊ’ दाबलं जातं. मग ते ॲप मेसेज वाचायची परवानगी मागतं, एक रुपया भरायच्या निमित्ताने कार्डाचा नंबर आणि पिन काढून घेतं, आणि त्याचं चिन्ह स्क्रीनवरून नाहीसं होतं. यापुढे बँकेचा ओटीपी आला की परस्पर चोराकडे जातो. ‘मी ओटीपी कुणालाच दिला नाही’ असं लोक कळवळून सांगतात, ते अगदी खरं असतं. घरातल्या आजी-आजोबांना नुसतं ‘ओटीपी सांगू नका’ म्हणून भागणार नाही. फोन हातात घेऊन एपीके कशी दिसते ते दाखवा.

दंड खरंच आहे का, हे परिवहन खात्याच्या ई-चलान संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून कळतं. पत्ता स्वतः टाइप करा. त्याचा शेवट ‘जीओव्ही डॉट इन’ असाच हवा.

ॲप टाकलं गेलंच, तर आधी एरोप्लेन मोड लावा, वाय-फाय बंद करा, सिम काढा. दुसऱ्या फोनवरून १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला आणि बँकेला कळवा. व्यवहाराची वेळ, रक्कम, यूटीआर नंबर (बँकेने व्यवहाराला दिलेला क्रमांक) हाताशी ठेवा. चोरीचे पैसे एका खात्यातून दुसऱ्या-तिसऱ्या खात्यात फिरतात, तक्रार लवकर गेली तरच ते मधे गोठवता येतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार, चूक ग्राहकाची असली तरी बँकेला कळवल्यानंतर झालेलं नुकसान बँकेने सोसायचं असतं. तेव्हा तक्रार क्रमांक आणि वेळ लिहून घ्याच.

फोन लगेच रिसेट करू नका, पुरावा जाईल. आधी फाइलचे आणि मेसेजचे फोटो दुसऱ्या फोनने काढा. आणि ॲडमिनला सांगून ग्रुपवरची ती फाइल तातडीने काढायला लावा.