‘संस्थानकाळातली रेशमी लाइन’ म्हणून मला प्लॅस्टिक विकलं

जुन्या मासेमारीच्या सामानाच्या जाहिराती हल्ली फोनवर सारख्या दिसतात. पितळी रील, बांबूच्या चिरफळ्या चिकटवून केलेले रॉड, आणि त्यांच्याच जोडीला ‘अस्सल रेशमी फ्लाय लाइन, संस्थानकाळातली, कोल्हापूरच्या एका सरदार घराण्याच्या सामानातून’. अशीच एक लाइन मी ११,५०० रुपयांना घेतली. ती रेशमाची नव्हती आणि संस्थानकाळातलीही नव्हती. विकणारा अजून तोच माल विकतोय, म्हणून सगळं तपशीलवार लिहितो.

ज्यांनी हा प्रकार केलेला नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. नेहमीच्या गळाला शिसं लावतो, ते वजन फेकलं की दोर त्याच्यामागे जातो. फ्लाय फिशिंगमध्ये गळावर पिसं आणि दोरा गुंडाळून केलेला खोटा किडा असतो. त्याला वजन जवळजवळ नसतंच. फेकायची असते ती लाइन, आणि किडा तिच्या मागोमाग जातो. त्यामुळे लाइन जाड की बारीक, जड की हलकी आणि टोकाकडे निमुळती होत जाते की नाही, यावर सगळा खेळ असतो.

पूर्वी ही लाइन रेशमाची असायची. बारीक विणलेली रेशमी दोरी जवसाच्या तेलात आणि व्हार्निशात मुरवायची, वाळवायची, घासायची आणि पुन्हा मुरवायची. रेशीम पाण्यापेक्षा जड असतं, त्यामुळे ही लाइन तरंगायला हवी असेल तर तिला ग्रीस चोळावं लागतं. दिवस संपला की रीळावरून उतरवून, सैल वेटोळी करून वाळवावी लागते, नाहीतर कुजते. १९३८ साली नायलॉन बाजारात आलं. १९५० च्या दशकात नायलॉनच्या विणीवर पीव्हीसी या प्लॅस्टिकचा थर चढवलेल्या लाइन निघाल्या आणि रेशमाचा जमाना संपला. प्लॅस्टिकच्या थरात काचेचे सूक्ष्म पोकळ गोळे मिसळले की लाइन आपोआप तरंगते. ग्रीस नको, वाळवणं नको.

मग आज रेशीम कशाला? तेवढ्याच वजनाला रेशमी लाइन तरंगत्या प्लॅस्टिकपेक्षा बारीक भरते. आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारनंतर तलावावर वारं सुटतं तेव्हा जाड लाइन तोंडावर परत येते, बारीक लाइन वारा कापत जाते. पाण्यावर ती उतरतेही हलकी. नीट सांभाळली तर रेशमी लाइन माणसाला आयुष्यभर पुरते. प्लॅस्टिकचा थर मात्र काही वर्षांत तडकतो आणि लाइन कचऱ्यात जाते. रंकाळा आणि पंचगंगेच्या काठावरचा प्लॅस्टिकचा खच रोज बघणाऱ्या माणसाला ही गोष्ट लहान वाटत नाही. माझ्याकडे बांबूचा जुना रॉड आहे, त्याला रेशमी लाइनच शोभते. म्हणून मी शोधात होतो.

विकणारा फोनवर अदबीनं बोलायचा. ‘सर, आमच्याकडं चार डबे निघाले, तीन गेले. हा शेवटचा.’ फोटोत गंजलेला पत्र्याचा गोल डबा, त्यावर पिवळं पडलेलं लेबल आणि आत मधाच्या रंगाची लाइन होती. मी विचारलं, विणकाम दिसत का नाही? म्हणाला, ‘व्हार्निशचे थर किती आहेत बघा ना सर, वीण भरून निघते.’ हे उत्तर धादांत खोटं नव्हे. चांगल्या जुन्या लाइनवर व्हार्निश इतकं घासलेलं असतं की ती गुळगुळीतच लागते. त्याला विषयाची माहिती आहे, आणि ती तो खोटं झाकायला वापरतो. पुढचं वाक्य त्याचं आवडतं असावं, कारण नंतर त्याच्या दुसऱ्या जाहिरातीतही ते दिसलं: ‘हिला ग्रीस लागत नाही, ओली ठेवली तरी काही होत नाही, इतकं जुनं रेशीम मुरलेलं आहे.’

हे वाक्य कुणी तुम्हाला ऐकवलं तर व्यवहार तिथंच थांबवा. रेशीम कितीही मुरलं तरी पाण्यापेक्षा हलकं होत नाही आणि ओलं ठेवलं तर कुजायचं थांबत नाही.

पार्सल आलं. डबा खराच जुना होता, वासही जवसाच्या तेलाचा. पण लाइन रीळावरून काढली की तिची वेटोळी तशीच उभी राहत होती. ओढून धरली की सरळ, सोडली की पुन्हा गुंडाळी. रेशीम दोऱ्यासारखं लुळं पडतं. दुसरं म्हणजे, डब्यात इतकी वर्षं पडून राहिलेल्या लाइनवरचं तेल बहुधा चिकट होतं, बोटाला लागतं, कधी लाइन कडक होऊन मोडते. ही अगदी स्वच्छ होती.

तलावाचा ठेका असलेल्या संस्थेची परवानगी घेऊन राजाराम तलावावर चिलापीसाठी ती लावली. लांब फेक केली की टोक पाण्यावर आपटायचं आणि काठाजवळची चिलापी पांगायची. निमुळत्या लाइनचं टोक असं आपटत नाही. तिचा जोर टोकाकडे जाताना ओसरत जातो आणि किडा अलगद उतरतो.

मग शिवाजी उद्यमनगरमध्ये मित्राच्या वर्कशॉपवर गेलो. कोल्हापुरात मोजमापाच्या हत्यारांना तोटा नाही. त्यानं मायक्रोमीटर लावला. टोकाला १.१५ मिलिमीटर, दोन मीटरवर १.१५, मध्यावर १.१५, दुसऱ्या टोकालाही तेवढीच. ‘भावा, ही तर सरळ केबलच आहे की,’ तो म्हणाला. लेबलवर मात्र ‘डीटी’ लिहिलेलं, म्हणजे दोन्ही टोकं निमुळती. निमुळतेपणा कुठंच नव्हता. एकाच जाडीच्या लाइनला लेव्हल लाइन म्हणतात, आणि प्लॅस्टिकमधली लेव्हल लाइन हा सगळ्यात स्वस्त प्रकार.

तिथून गुजरीत. साज आणि मोहनमाळा गाठवणारे एक पटवेकरी माझ्या ओळखीचे आहेत. रेशमात आणि जरीत आयुष्य गेलेला माणूस. त्यांनी लाइन अंगठा आणि तर्जनीत धरून नुसती फिरवली आणि म्हणाले, ‘पावणं, हे रेशीम न्हाई.’ मी म्हटलं, काका, खात्री करून द्या, मला तक्रार करायची आहे.

त्यांनी ब्लेडनं टोकाशी चीर दिली आणि नखानं ओढलं. वरचा थर शेंगेच्या सालीसारखा सलग निघून आला. आत पांढरीशुभ्र वीण. इथंच पुष्कळसं सिद्ध झालं होतं, कारण खऱ्या रेशमी लाइनला वेगळी साल नसते. तेल आणि व्हार्निश विणीच्या आतपर्यंत भिनलेलं असतं आणि मध्याचं रेशीमही पिवळं-तपकिरी होतं. मग दुकानाबाहेर येऊन त्यांनी आधी स्वतःच्या रिळातलं रेशीम काडीला धरलं. ते हळू जळलं, ज्योत काढली की विझलं, वास जळलेल्या केसांचा, आणि राख चिमटीत धरताच भुकटी झाली. मग माझ्या लाइनमधली पांढरी वीण धरली. ती ज्योतीपासून मागं आखडली, वितळली आणि टोकाला कडक मणी झाला. थंड झाल्यावर दातानं फुटेना. वरच्या सालीचा तुकडा धरल्यावर काळा धूर आणि नाकाला झोंबणारा वास आला, तो त्यांनी लगेच पायाखाली विझवला. ही परीक्षा कुणी केलीत तर नखाएवढाच तुकडा घ्या, उघड्यावर करा आणि धूर नाकात जाऊ देऊ नका, पीव्हीसीचा धूर वाईट असतो.

शेजारच्या सराफाच्या काट्यावर पहिल्या ३० फुटांचं वजन करून घेतलं. ९.१ ग्रॅम. आता हिशेब बघा. जाडी १.१५ मिलिमीटर, लांबी ९.१४ मीटर, म्हणजे आकारमान साडेनऊ घनसेंटिमीटरच्या आसपास. तेवढ्या पाण्याचं वजन साडेनऊ ग्रॅम. माझी लाइन पाण्यापेक्षा हलकी निघाली. रेशीम पाण्याच्या साधारण १.३ पट जड असतं, त्यामुळे याच जाडीची रेशमी लाइन बारा ग्रॅमच्या वर भरायला हवी होती. काटा नसेल तर घरीही कळतं. छोटा तुकडा भांड्याच्या साबणानं नीट धुवायचा, पाण्याखाली बोटांनी चोळून हवा काढायची आणि सोडायचा. रेशीम खाली जातं, तरंगतं प्लॅस्टिक वर येतं. नुसती नायलॉनची किंवा पॉलिएस्टरची वीण असेल तर तीही बुडेल, म्हणून या परीक्षेवर थांबू नका, जाळूनही बघा.

आता लेबल. त्यावर ‘डीटी ५’ छापलंय. मला सगळ्यात जास्त राग या लेबलाचा आला, कारण ते मुद्दाम जुनं दिसेल असं बनवलेलं आहे. रेशमाच्या काळात लाइनला अक्षरं असायची आणि ती जाडीची असायची. ए म्हणजे ०.०६० इंच, पुढे एचपर्यंत प्रत्येक अक्षराला ०.००५ इंच कमी. ‘एचडीएच’ म्हणजे टोकाला ०.०२५ इंच, मध्ये ०.०४५, पुन्हा टोकाला ०.०२५. नायलॉन आणि प्लॅस्टिक आल्यावर एकाच जाडीच्या लाइनचं वजन वेगवेगळं भरायला लागलं, अक्षरं निरुपयोगी झाली. म्हणून १९६० च्या सुमारास अमेरिकेतल्या उत्पादकांनी पहिल्या ३० फुटांच्या वजनावर आकडे ठरवले. ५ नंबर म्हणजे १४० ग्रेन, सुमारे ९ ग्रॅम. कोल्हापूर संस्थान विलीन झालं १ मार्च १९४९ ला. संस्थानकाळातल्या डब्यावर त्यानंतर दहा-बारा वर्षांनी ठरलेला आकडा येईलच कसा? आणि काट्यावर भरलेले ९.१ ग्रॅम म्हणजे नेमकी आजची ५ नंबरची लाइन.

युरोपात आजही थोडे कारागीर नव्यानं रेशमी लाइन विणतात आणि तिच्यावर वजनाचा आकडा असतो. त्यात गैर काही नाही. पण ती नवी म्हणून विकतात, आणि चांगल्या प्लॅस्टिक लाइनपेक्षा ती कितीतरी महाग असते.

मायक्रोमीटरचे आणि जाळल्याचे फोटो पाठवल्यावर विकणाऱ्याचा सूर बदलला. आधी ‘सर, तुम्ही साबणानं धुतली, त्यामुळं रेशीम बिघडलं.’ मग ‘जुन्या मालाला गॅरंटी नसते.’ मी पोलिसांचं नाव काढल्यावर म्हणाला, पैसे परत करतो, क्यूआर कोड पाठवलाय, स्कॅन करून पिन टाका. हा दुसरा डाव पहिल्यापेक्षा घातक आहे. पैसे घेताना यूपीआयला पिन कधीच लागत नाही, पिन टाकला की आपल्याच खात्यातून पैसे जातात. मी टाकला नाही. दहा मिनिटांत त्यानं मला ब्लॉक केलं.

१९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन केला आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली. यूटीआर नंबर (पैसे पाठवल्याच्या व्यवहाराचा क्रमांक), जाहिरातीचे स्क्रीनशॉट, सगळे संदेश आणि पार्सलवरचा पत्त्याचा कागद जोडला. पार्सलचं वेष्टन फेकू नका, पाठवणाऱ्याचं गाव त्यावरूनच कळतं. असा फोन जितका लवकर कराल तितकी पैसे गोठवले जाण्याची शक्यता जास्त, पण माझा माल खोटा आहे हे कळेपर्यंत पैसे त्या खात्यातून निघून गेले होते. शिवाय फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे. आणि विकणारा हाच धंदा करत असेल तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथं फी लागत नाही. कोल्हापूरच्या माणसाला विकणाऱ्याच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत, हे मुद्दाम सांगतो, कारण ‘आता कुठं जायचं’ म्हणून बरेच जण गप्प बसतात.

घेण्याआधी विकणाऱ्याकडून एवढं मागा: टोकाची आणि मध्याची जाडी मायक्रोमीटरवर दाखवणारा फोटो, पहिल्या ३० फुटांचं वजन, आणि शेवटच्या टोकाचा बोटभर तुकडा पोस्टानं. खरी लाइन ज्याच्याकडे आहे त्याला यात काही अडचण नाही, दोन्ही टोकं निमुळती असलेल्या लाइनचं बोटभर टोक गेल्यानं काही बिघडत नाही. पैसे तुकडा जाळून बघितल्यावरच द्या.

माझी तक्रार नोंदली गेली आहे, पैसे अजून आलेले नाहीत. गेल्या आठवड्यात सांगलीच्या एका ओळखीच्यांनी एक जाहिरात पाठवली. विकणाऱ्याचं नाव वेगळं, घराणं आता मिरजेकडचं, किंमत १४,००० रुपये, आणि लेबलवर तेच ‘डीटी ५’. त्यांना मी हे सगळं फोनवर सांगितलं आणि त्यांनी तुकडा मागितला. समोरून अजून उत्तर आलेलं नाही. जाहिरात मात्र चालू आहे, तिचे स्क्रीनशॉट मी माझ्या तक्रारीला जोडले आहेत. ज्यांनी असा डबा घेतला असेल त्यांनी आपली तक्रार स्वतंत्रपणे नोंदवावी आणि खात्याचा तपशील जुळतो का ते पोलिसांना तपासायला सांगावं.